डिझर्टेशन अडकलंय, सात आठवडे उरलेत, काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. एमए सोशिऑलॉजीचं शेवटचं सेमिस्टर, विषय "बडोद्यातील मराठी समाजाचा सामाजिक व सांस्कृतिक अभ्यास", गुगल फॉर्मवर 60 जणांची उत्तरं आलीत, 9 मुलाखती मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवल्यात, पहिला चॅप्टर 31 पानांचा झालाय आणि त्यापुढे एक ओळ सुचत नाहीये. गाईड मेसेज बघतात पण उत्तर देत नाहीत. 60 चा सॅम्पल चालेल का, एसपीएसएस (आकडेवारी तपासायचं सॉफ्टवेअर) शिकावंच लागेल का, की सरळ पुढच्या वर्षावर ढकलू?

ढकलू नकोस गं. वीसेक वर्षं मी पोरांची डिझर्टेशन बघतेय, ढकललेल्यांपैकी फार थोडे परत आले, कुणाला नोकरी लागते, कुणाचं लग्न ठरतं, आणि मग ती फाईल लॅपटॉपसकट जुनी होते. सात आठवडे पुरतात, फक्त आत्ता जे करतेयस ते थांबवलंस तर.

तुझी अडचण सॅम्पलची नाहीये आणि एसपीएसएसची तर अजिबातच नाही. तुझ्याकडे डेटा आहे, प्रश्न नाहीये. "मराठी समाजाचा सामाजिक व सांस्कृतिक अभ्यास" हे विषयाचं नाव झालं, यात तू नेमकं काय विचारतेयस ते कुठेच नाही, म्हणून तर लिहायला बसलीस की सगळंच लिहावंसं वाटतं, सण पण, जेवण पण, गणपती पण, लग्नं पण, आणि मग काहीच लिहून होत नाही. 31 पानांत काय असेल ते मी न बघता सांगते. अठराव्या शतकात गायकवाड आले, 1875 ला सयाजीराव गादीवर बसले, 1906 ला सगळ्या राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, 1910 ला सेंट्रल लायब्ररी आणि तो अमेरिकेहून बोलावलेला लायब्ररियन, 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन, त्याच वर्षी युनिव्हर्सिटी, 1960 ला गुजरात वेगळं. बरोबर ना? महाराजांवर आपल्या सगळ्यांचं प्रेम आहे, माझ्या आजीच्या देवघरात त्यांचा फोटो होता, पण परीक्षकाने हे पन्नास वेळा वाचलंय. तीन पानं बास. बाकीची 28 फेकू नकोस, वेगळ्या फाईलमध्ये टाक, म्हणजे जीवाला लागणार नाही.

आता प्रश्न कसा काढायचा. तुझ्या नऊ मुलाखतींपैकी कुठली तरी एक जागा तुला आठवत असेल जिथे तू स्वतः दचकलीस. तू लिहिलंयस की दांडिया बाजारातल्या एक आजी तुझ्याशी शुद्ध मराठीत बोलत होत्या आणि मध्येच नातवाचा फोन आला तर एकदम गुजरातीत सुरू झाल्या, आणि फोन ठेवून परत मराठीत, आणि त्यांना स्वतःला ते कळलंही नाही. अगं हाच तुझा प्रश्न! बडोद्यातल्या मराठी घरात तीन पिढ्यांत कोण कोणाशी कधी मराठी बोलतं आणि कुठे येऊन सोडतं. याला भाषांतर... सॉरी, भाषापालट म्हणतात, लँग्वेज शिफ्ट. जोशुआ फिशमन नावाच्या अभ्यासकाने 1965 सालीच हा प्रश्न मांडलाय, कोण, कोणत्या भाषेत, कोणाशी, कधी, आणि त्यातून "डोमेन" ही कल्पना आली, म्हणजे घर, शेजार, देवधर्म, शाळा, नोकरी असे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात भाषा वेगळी असू शकते. तुझ्या फॉर्ममध्ये "घरी कोणती भाषा बोलता", "मित्रांशी", "देवळात" असे प्रश्न आहेत म्हणतेस, म्हणजे नकळत तू डोमेनच विचारलेत. नशीब काढलंस.

आणि इथे एक मस्त गोष्ट आहे जी तू लिट रिव्ह्यूत, म्हणजे आधीच्या अभ्यासांच्या आढाव्यात, वापरू शकतेस. आपल्याकडे कुणीही भाषेचं काही लिहिलं की जनगणनेचा मातृभाषेचा तक्ता चिकटवतात. पण 2011 च्या जनगणनेत मातृभाषा म्हणजे काय धरलंय? लहानपणी आई जी भाषा त्या माणसाशी बोलायची ती. म्हणजे आजींचा मुलगा मराठी, आणि तो आज आपल्या मुलांशी दिवसभर गुजरातीत बोलत असला तरी मराठीच. जनगणना त्यापुढे आणखी दोन भाषा येतात का एवढं विचारते, पण कोणती भाषा कुठे *वापरतो* हे विचारत नाही. म्हणजे तक्त्यात मराठी माणसं दिसत राहतात आणि घरातली मराठी गेलेली असते. ही जी फट आहे ना, तिच्यात तुझं डिझर्टेशन बसतं. "यावर आधी अभ्यास झाला नाही म्हणून मी करतेय" असं लिहू नकोस, ते कधीच खरं नसतं, व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिल्या मिनिटाला पकडतात. फट दाखव.

मग विषयाचं नाव बदलता येतं का? बहुतेक ठिकाणी रजिस्टर झालेलं शीर्षक बदलायला अर्ज-मंजुरी लागते, त्या भानगडीत आत्ता पडू नकोस. शीर्षक तसंच ठेव आणि पहिल्या चॅप्टरमध्ये एक परिच्छेद घाल की या व्यापक विषयातल्या अमुक एका अंगावर हा अभ्यास केंद्रित आहे. उपशीर्षक जोडता आलं तर उत्तम, ते गाईड सहीने करून देतात कधीकधी.

आता 60 चं. तुला कुणीतरी सांगितलं असणार की 384 पाहिजेत. सगळ्यांना सांगतात. हा आकडा क्रेजी आणि मॉर्गन यांच्या 1970 च्या तक्त्यातला आहे, मोठी लोकसंख्या, 95 टक्के खात्री आणि 5 टक्क्यांची चूक चालेल असं धरलं की 384 येतात. पण त्याला अट आहे की सॅम्पल रँडम हवा, म्हणजे शहरातल्या प्रत्येक मराठी माणसाला निवडलं जायची संधी हवी. तू फॉर्म पाठवलास कुठे? मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, मावशीच्या भिशीच्या ग्रुपवर, कॉलेजच्या ग्रुपवर. हे रँडम नाही, असे 384 काय 3,840 गोळा केलेस तरी नाही. त्यामुळे त्या आकड्याच्या मागे लागून रात्री अकराला ओळखीच्यांना लिंक पाठवत बसू नकोस. रँडम 60 असते तरी साधारण 13 टक्के इकडेतिकडे धरावं लागलं असतं, तुझे तर तसेही नाहीत, म्हणून "बडोद्यातले 70 टक्के मराठी लोक" हे वाक्य तुझ्या डिझर्टेशनमध्ये कुठेही दिसता कामा नये. "उत्तर दिलेल्या 60 पैकी 42 जणांनी" असं लिही. टक्केवारी लिहिलीस तर शेजारी आकडा हवाच, कारण 60 मध्ये 6 माणसं म्हणजे 10 टक्के होतात आणि 10 टक्के वाचलं की फार वाटतं.

आणि मर्यादा लपवू नकोस, उघड सांग, की हा सोयीचा सॅम्पल आहे, स्मार्टफोन वापरणारे आणि ग्रुपवर असलेले लोकच यात आहेत, आजीसारखे लोक फॉर्ममध्ये फार थोडे आहेत म्हणून त्यांच्या मुलाखती घेतल्या. बघ, दोष होता तो पद्धत झाला. एक मात्र तपास, एकाच घरातून चार फॉर्म आलेत का. ग्रुपवर आई भरते, मग मुलीला भरायला लावते, मग तिच्या नवऱ्याला.

एसपीएसएस नको. फुकटचं जामोवी आहे, नाहीतर एक्सेलची पिव्हट टेबल पुरते. तुला फक्त क्रॉसटॅब, म्हणजे आडवे-उभे तक्ते, करायचेत, पिढी एका बाजूला, भाषा दुसऱ्या बाजूला. काय-स्क्वेअर (दोन गोष्टींचा संबंध योगायोगाचा आहे का ते बघणारी टेस्ट) करायचा मोह होईल, गाईडही म्हणतील एखादी टेस्ट टाक. तर गणित बघ, तीन पिढ्या गुणिले तीन भाषा म्हणजे नऊ खाने, 60 माणसं, एका खान्यात सरासरी सहा-सात, आणि नियम असा की अपेक्षित आकडा (पिढी आणि भाषेचा काही संबंधच नसता तर त्या खान्यात जेवढी माणसं आली असती तो) 5 च्या खाली असलेले खाने पाचव्या हिश्श्याहून जास्त झाले की टेस्टवर विसंबता येत नाही. तुझे होणारच. तेव्हा दोन-दोनचे गट कर (आजी-आजोबा व आईवडील एकीकडे, मुलं दुसरीकडे, भाषा मराठी किंवा मराठीशिवाय) आणि फिशर एक्झॅक्ट ही छोट्या आकड्यांसाठीची टेस्ट लाव, आणि "सिग्निफिकंट आलं म्हणजे सिद्ध झालं" असं लिहू नकोस. खरं सांगू, तुझ्या फॉर्मचा उपयोग एवढाच की चित्राची कड दिसते. आतलं चित्र मुलाखतींत आहे.

मुलाखती. 9 कमी नाहीत. गेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2006 चा घाना-नायजेरियातल्या 60 मुलाखतींवरचा पेपर सगळे देतात, त्यात पहिल्या 12 पर्यंत बहुतेक सगळे विषय आले होते आणि मुख्य मुख्य तर सहापर्यंतच. पण ते एकसारख्या लोकांच्या गटासाठी होतं, तुझ्या तीन पिढ्या आहेत. तुझ्या 9 मध्ये आजी-आजोबा 5, मधली पिढी 3 आणि तरुण फक्त 1. म्हणून अजून तीन घे, तिन्ही विशीतले, पहिल्या दोन आठवड्यांत, आणि शक्यतो त्याच घरातले ज्या घरातल्या आजीशी तू बोललीस. एका घरातल्या तीन पिढ्या एकमेकांविषयी काय सांगतात हे मिळालं तर सोनं. आजी म्हणेल आम्ही घरात मराठीच बोलतो, नातू म्हणेल आजी सोडून कुणाशीच नाही, दोघंही खरं बोलतायत. आणि तारखा बघून घे. नवरात्रात कुणी भेटत नाही, दिवसा झोपलेले असतात आणि रात्री गरब्याला, उत्तरायण आणि वासी उत्तरायणला गच्चीवर तू मुलाखत घ्यायला गेलीस तर हातात फिरकी देतील, ते पण चालेल म्हणा, पण रेकॉर्डिंगमध्ये "काप्यो छे" शिवाय काही ऐकू येणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ कशात जातो सांगते, ट्रान्सक्रिप्टमध्ये. एका तासाच्या रेकॉर्डिंगला चार ते सहा तास लागतात, आणि आपल्या मराठीत तर मध्येच गुजराती, मध्येच हिंदी, त्यामुळे ऑटोमॅटिक ट्रान्सक्रिप्टवर पूर्ण भरवसा ठेवू नकोस, ते मशीन भाषा "सुधारून" टाकतं आणि तुझा अभ्यासच त्या मिसळीचा आहे! शेव-उसळीतली शेव काढून ठेवल्यासारखं होईल. 12 मुलाखती पाऊण-पाऊण तासाच्या म्हणजे 9 तास, म्हणजे चाळीस-पन्नास तासांचं काम. रोज दोन-अडीच तास धर, तीन आठवडे. शब्दशः लिही, कुठे भाषा बदलली तिथे खूण कर, कुणाचा फोन आला, कोण खोलीत आलं तेही लिही, कारण भाषा तिथेच बदलते. इंग्रजीत डिझर्टेशन असलं तरी महत्त्वाची वाक्यं मूळ भाषेत दे आणि खाली इंग्रजी अर्थ, नाहीतर सगळी माणसं एकाच सपाट इंग्रजीत बोलल्यासारखी दिसतात.

मग कोडिंग, म्हणजे मुलाखतीतल्या वाक्यांना त्यांच्या अर्थाच्या खुणा लावणं. ब्रॉन आणि क्लार्क यांची 2006 ची सहा पायऱ्यांची पद्धत सगळे लिहितात, करतात फार थोडे. प्रिंट काढ, पेन्सिल घे, दोनदा वाच, समासात लिही. थीम म्हणजे "कुटुंब", "शिक्षण", "संस्कृती" असे डबे नव्हेत, तो तुझ्या प्रश्नावलीचा अनुक्रम झाला. थीम म्हणजे म्हणणं. "मराठी ही आता थोरांशी बोलायची भाषा झाली" ही थीम. "पूजेला मराठी, हिशोबाला गुजराती" ही थीम. अशा तीन-चार निघाल्या की तुझे फाइंडिंग्जचे भाग तयार, आणि विरोधात जाणारा एखादा माणूस सापडला तर त्याला लपवू नकोस, त्याला अर्धं पान दे.

एक गोष्ट मी जरा रागावून सांगणार आहे. नावं बदलली म्हणजे ओळख लपली असं नसतं. आपलं मराठी बडोदं केवढंसं? "78 वर्षांच्या निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार, मुलगा कॅनडात" एवढं लिहिलंस की राऊपुऱ्यापर्यंत सगळ्यांना कळतं या कोण, आणि त्यांनी सुनेविषयी तुला काय सांगितलं तेही कळतं. वय दशकात लिही, गल्ली काढ, मुलगा कुठे आहे ते काढ, आणि सुनेविषयीचं तर वापरायचंच असेल तर परत जाऊन विचार. संमतीपत्र मराठीत दे, इंग्रजी फॉर्मवर आजींची सही घेतलीस त्याला काय अर्थ आहे.

माझं स्वतःचं सांगते म्हणजे तुला बरं वाटेल. मी एमएला 140 छापील प्रश्नावल्या घरोघरी फिरून भरून घेतल्या, पायी, आणि त्यातला मुख्य प्रश्न होता "तुम्ही मराठी वाचता व बोलता का?" हो म्हणणारा वाचतो की बोलतो? देवाला ठाऊक. 140 उत्तरं वाया. पाच जणांवर आधी करून बघितलं असतं तर पहिल्या दिवशीच कळलं असतं. नव्या तीन मुलाखतींआधी तुझे प्रश्न एकदा भावावर किंवा मैत्रिणीवर चालवून बघ.

लिहायचा क्रम. पहिल्या चॅप्टरपासून लिहायला कुणी सांगितलं? मेथड आधी लिही, कारण ते तू केलंयस, त्यात विचार करायचा नाही, फक्त आठवायचं, कधी, कुठे, किती, कसं निवडलं. दोन-तीन दिवसांत दहा पानं होतात आणि जीवात जीव येतो. मग ट्रान्सक्रिप्ट जसजसे होतील तसतसे फाइंडिंग्ज, मग लिट रिव्ह्यू आणि शेवटी प्रस्तावना. लिट रिव्ह्यूसाठी शोधगंगा बघ, आपल्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं आहे, देशभरातले पीएचडी प्रबंध फुकट वाचायला मिळतात, पण त्यातला रिव्ह्यू उचलू नकोस, त्याची संदर्भयादी बघ आणि मूळ पेपर काढ. शिवाय बडोदे संस्थानचे जुने जनगणना अहवाल, 1911, 1921, 1931 चे, त्यात भाषेवर चांगली प्रकरणं असतात, दोन संध्याकाळी युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीत घाल. "अमुकने असं म्हटलं, तमुकने तसं म्हटलं" अशी आगगाडी लावू नकोस, 20-25 कामं पुरतात पण ती एकमेकांशी भांडली पाहिजेत. संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाक, फुकट आहे, शेवटच्या रात्री स्वल्पविराम लावत बसावं लागत नाही. एआयने दिलेला संदर्भ स्वतः उघडून बघितल्याशिवाय घालू नकोस, नसलेले पेपर असलेल्या माणसांच्या नावावर देतं ते.

प्लेजिअरिझमची, म्हणजे मजकूर चोरल्याचा ठपका येण्याची, भीती अवास्तव आहे तुझी. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही, 10 ते 40 ला दुरुस्त करून परत द्यायचं, त्यापुढे मात्र वर्ष जातं आणि 60 च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. संदर्भयादी आणि नीट अवतरणात दिलेला मजकूर त्यात धरत नाहीत. स्वतःच्या 12 मुलाखतींवर लिहिलेलं कोणाशी जुळणार आहे?

गाईड. उत्तर देत नाहीत याचा अर्थ तुझ्यावर राग आहे असा नाही, त्यांच्याकडे आठ-दहा मुलं, पेपर तपासणी, वर कसले कसले रिपोर्ट. तू काय पाठवलंस? "सर प्लीज चेक" आणि 31 पानं. मीही उघडली नसती. दोन पानं पाठव, एक ओळीचा प्रश्न, चॅप्टरची रूपरेषा, आणि खाली तीन शंका ज्यांचं उत्तर हो-नाहीत देता येईल. मग मेसेज नाही, समोर जा, त्यांच्या लेक्चरच्या आधी दहा मिनिटं दाराशी उभी राहा. भेट झाली की त्याच संध्याकाळी मेल कर की आज असं असं ठरलं. ही मेल तुझ्या कामाला येते, मतं बदलतात ना लोकांची.

आणि बॅकअप! मोबाईलवर नऊ मुलाखती आणि दुसरीकडे कुठेच नाहीत? आपल्याच, बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या, सोशिऑलॉजी विभागाची उभारणी 1950 च्या दशकात ज्यांनी केली ते एम. एन. श्रीनिवास, त्यांनी म्हैसूरकडच्या रामपुरा या गावाच्या अभ्यासाची टिपणं अठरा वर्षं खपून तयार केली होती, 1970 ला स्टॅनफर्डला ते काम करत होते तिथे जाळपोळ झाली आणि तीनही प्रती एकाच खोलीत असल्याने तिन्ही गेल्या. ते श्रीनिवास होते, आठवणीतून अख्खं पुस्तक लिहिलं त्यांनी, 1976 ला आलं. तू आणि मी नाही लिहू शकत. शिवाय आपल्याकडे विश्वामित्री आहेच, 2024 च्या ऑगस्टमध्ये किती जणांच्या तळमजल्यावरच्या वस्तू गेल्या ते आठव. आज रात्री ड्राईव्हवर टाक, एक प्रत पेनड्राईव्हवर, आणि पेनड्राईव्ह मावशीकडे.

शेवटचा आठवडा पूर्ण मोकळा ठेव, त्यात लिहायचं काही नाही. सही घ्यायची असते, सर्टिफिकेटचं पान असतं, फॉरमॅट बघणारा क्लार्क समास मोजतो, आणि बाइंडिंगवाल्याकडे त्या दिवसांत लग्नाच्या हॉलसारखी गर्दी असते, दोन दिवस सांगतो आणि चार लावतो. कव्हरवर सोनेरी अक्षरं ठोकायच्या आधी स्पेलिंग स्वतः वाच. माझ्या एका विद्यार्थिनीच्या पाचही प्रतींवर इंग्रजी "Marathi" मधला दुसरा ए गायब होता, व्हायवाला परीक्षक दहा मिनिटं तेच बघत होते.